रोज एक टँकर

जर्मनीच्या लोअर सॅक्सनी प्रांतात आस्से नावाची डोंगररांग आहे आणि तिच्या पोटात मिठाची एक जुनी खाण. या खाणीत 1988 पासून खारे पाणी झिरपते आहे. रोज सुमारे 12 घनमीटर, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात गावच्या वेशीवर उभा राहतो तसला एक टँकर भरेल एवढे. ते टिपायला माणसे नेमावी लागली, कारण 1967 ते 1978 या काळात याच खाणीत किरणोत्सारी कचऱ्याची सुमारे 1 लाख 26 हजार पिंपे ठेवली गेली. 'ठेवली' हे सुरुवातीचे. तेव्हा ती नीट रचत. पुढे त्याचाही कंटाळा आला. लोडरने पिंप उचलायचे, मिठाच्या उतारावरून खाली लोटायचे, वर मिठाचा थर पसरायचा. फुटले तर फुटले, मीठ सगळे धरून ठेवील असा भरवसा होता. शेजारच्या जुन्या खाणी पाण्यानेच बुडाल्या होत्या, हे तेव्हाही कोणापासून लपलेले नव्हते. कागदोपत्री मात्र हा उकिरडा नव्हे, 'संशोधन खाण' होती.

झिरपलेल्या काही पाण्यात सीझियम आहे, ही गोष्ट चव्हाट्यावर आली 2008 साली. मग चालकसंस्था बदलली, कागद तपासले गेले आणि खाणीतले प्लुटोनियम दहा किलोच्या आत नसून 28 किलो असल्याचे निघाले. किराणा दुकानातसुद्धा इतका फरक खपवून घेतला जात नाही. आता ही पिंपे वर काढायची, असा कायदाच जर्मनीने 2013 मध्ये केला आहे.

आरोग्याचा प्रश्न त्याहून अवघड निघाला. खाणीच्या परिसरातल्या गावांत 2002 ते 2009 या वर्षांत ल्युकेमियाचे प्रमाण अपेक्षेच्या सुमारे दुप्पट असल्याचे कर्करोग नोंदणीत दिसले. खाणीशी त्याचा संबंध सिद्ध झाला नाही. लोकसंख्या थोडी, रुग्ण त्याहून थोडे. अशा ठिकाणी योगायोग आणि कारण यांतली रेघ पुसट होते. शिवाय नोंदीत रुग्णाचे वय होते, आजार होता. तो कधी खाणीत कामाला होता का, हे नव्हते. चाळीस वर्षांपूर्वी जो प्रश्न विचारायचा राहिला, त्याचे उत्तर नंतर कितीही हुशार तज्ज्ञ आणला तरी मिळत नाही.

रशियातल्या उरल पर्वताजवळच्या तेचा नदीकाठी उत्तर मिळाले, पण फार मोठी किंमत मोजून. मायाक या प्लुटोनियम कारखान्याने 1949 ते 1956 या काळात या नदीत किरणोत्सारी सांडपाणी सोडले. काठचे लोक तेच पाणी पीत होते, गुरांना पाजत होते. त्यांना कोणी सांगितले नव्हते. पुढे सुमारे 30 हजार गावकऱ्यांच्या नोंदी दशकानुदशके ठेवल्या गेल्या, हाडांत आणि दातांत साठलेले स्ट्रॉन्शियम मोजले गेले, तेव्हा कुठे ल्युकेमिया आणि इतर कर्करोगांतली वाढ किरणोत्साराच्या मात्रेशी जोडता आली.

भारताची पद्धत आस्सेसारखी नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. आपण वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करतो आणि उरलेला अतितीव्र कचरा काचेत मुरवून, पोलादी डब्यांत बंद करून, हवेने थंड राहणाऱ्या कोठारात ठेवतो. असे कोठार तारापूरला आहे. तीस-चाळीस वर्षे तेथे आणि नंतर जमिनीत खोल, असा आराखडा आहे. पण खोल म्हणजे कोठे, ती जागा अद्याप ठरलेली नाही. सीझियम-137 दर तीस वर्षांनी निम्मे होते, त्यामुळे काही शतकांत त्याचा जोर संपतो. प्लुटोनियम-239 निम्मे व्हायला 24 हजार वर्षे लागतात. नावाला सगळे घाबरतात ते प्लुटोनियमला. पण ते मातीला चिकटून बसते. पाण्याबरोबर सहज वाहते ते आयोडीन-129, आणि त्याला निम्मे व्हायला दीड कोटी वर्षेही पुरत नाहीत. म्हणून जागा निवडताना खडकाइतकेच त्यातले पाणी मोजावे लागते.

आमचा आक्षेप काचेवर नाही, मोजणाऱ्यावर आहे. तारापूरभोवतीचे पाणी, दूध, मासळी तपासणारी प्रयोगशाळा अणुऊर्जा खात्याची. ज्या टाटा स्मारक केंद्राकडे कर्करोगाच्या मोजणीसाठी आपण विश्वासाने पाहतो, तेही त्याच खात्याच्या छत्राखाली. सुरक्षेवर लक्ष ठेवणारे नियामक मंडळही 1983 पासून अणुऊर्जा आयोगालाच उत्तरदायी राहिले. महालेखापालांनी 2012 मध्ये यावर कडक ताशेरे ओढले होते. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने संमत केलेल्या 'शांती' कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा दिला, हे चांगले झाले. त्याच कायद्याने खासगी कंपन्यांना अणुभट्ट्यांचे दारही उघडले. 2047 पर्यंत 100 गिगावॅटचे लक्ष्य आहे. कचराही त्याच मापाने वाढणार.

तारापूरचा पेच आणखी गुंतागुंतीचा आहे. अणुऊर्जा प्रकल्पाजवळच रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे आणि केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या 2018 च्या मूल्यांकनात ती देशातल्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत पहिली आली. उद्या शेजारच्या घिवली किंवा दांडी गावात कर्करोगाचे रुग्ण वाढले, तर कारखाने अणुकेंद्राकडे बोट दाखवतील आणि अणुकेंद्र कारखान्यांकडे. गावातले मच्छीमार मधल्या मध्ये. तारापूरची पहिली अणुभट्टी 1969 मध्ये सुरू झाली. तेव्हापासूनची पन्नासहून अधिक वर्षे परत येणार नाहीत. पण कोण किती वर्षे कोठे राहिला, कोठे कामाला होता, कोणत्या विहिरीचे पाणी प्याला, ही नोंद आजपासून ठेवता येते. ती खात्याबाहेरच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे द्यावी, खर्च खात्याने उचलावा आणि विहिरीच्या पाण्याचे आकडे दर तिमाहीला मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावेत, घरपट्टीच्या थकबाकीदारांच्या यादीशेजारी.