कूलर की एसी? जामखेडमध्ये प्रश्न पाण्याचाही

ऊन तापू लागले की विद्युत उपकरणांच्या दुकानांत एकच तुलना ऐकू येते : कूलर स्वस्त आणि कमी वीज खाणारा, एसी महाग आणि बिल वाढवणारा. ही तुलना चुकीची नाही. मात्र जामखेडसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात ती अपुरी ठरते. तिच्यात पाण्याचा हिशेबच धरलेला नसतो.

कूलरचे तत्त्व माठाचेच आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे पाऊण युनिट विजेइतकी उष्णता हवेतून शोषली जाते. त्यामुळे हवा जितकी कोरडी, तितका गारवा अधिक. तापमान ४१ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर चांगल्या जाळ्यांचा कूलर साधारण २८ अंशांची हवा देऊ शकतो. मुंबईच्या दमट हवेत हे साधत नाही. बालाघाटच्या पठाराला लागून असलेल्या जामखेडमध्ये एप्रिल-मे महिन्यांत साधते. म्हणजे निसर्गाने कूलरसाठी अनुकूल हवा दिली, आणि त्याच महिन्यांत पाणी काढून घेतले.

मोठा कूलर भर दुपारी तासाला आठ-दहा लिटर पाणी सहज संपवतो. आठ तासांत ६० ते ८० लिटर. जलजीवन मिशनचे ग्रामीण भागासाठीचे प्रमाण आहे माणशी रोज ५५ लिटर. एका माणसाच्या दिवसभराच्या वाट्याहून अधिक पाणी एका खोलीच्या गारव्यासाठी हवेत जाते. वाडीवर टँकर सुरू झाला की हे पाणी कोणाच्या हंड्यातले, हा प्रश्न घरातच उभा राहतो. आणि बहुधा पाणी भरणाऱ्या बाईलाच त्याचे उत्तर द्यावे लागते. बोअरचे जड पाणी वापरावे, तर क्षार साचून जाळ्या लवकर निकामी होतात.

विजेच्या बाजूने कूलरची सरशी निर्विवाद आहे. २०० वॅटचा कूलर आठ तासांत सुमारे दीड युनिट घेतो, दीड टनी पंचतारांकित एसी सहा ते आठ. महावितरणच्या घरगुती दरात १०० आणि ३०० युनिटांनंतरचा टप्पा महाग होत जातो, त्यामुळे एसीचे युनिट नेमके वरच्या दरात मोजले जाते. भारनियमनात घरगुती इन्व्हर्टरवर कूलर चालतो, एसी सहसा नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याने खरेदी हलकी झाली, बिल नव्हे.

तरीही एसी पाणी पीत नाही, असे म्हणणे भाबडेपणाचे. औष्णिक केंद्रांना एका युनिटमागे साडेतीन लिटरपर्यंत पाण्याची मर्यादा २०१५ मध्ये घालून देण्यात आली. त्या हिशेबाने रात्रीच्या एसीमागे वीस-पंचवीस लिटर पाणी खर्ची पडू शकते, फक्त ते दुसरीकडे. शेजारच्या बीड जिल्ह्यातील परळीचे वीज केंद्र २०१३ आणि २०१५ मध्ये पाण्याअभावीच बंद ठेवावे लागले होते.

मग घ्यावे काय? पत्र्याचे छत असेल, तर आधी छताकडे पाहावे. तापलेल्या पत्र्याखाली एसी अखंड धावतो आणि कूलरही हरतो. चुन्याचा पांढरा थर, खाली साधे तक्त्याचे छत आणि ७५ ऐवजी ३० वॅटचा पंखा, हा खर्च दोन्ही यंत्रांपेक्षा आधीचा. नळाला नियमित पाणी येणाऱ्या घरात मध्यम कूलर पुरेसा आहे; मात्र समोरची खिडकी उघडी हवी, अन्यथा खोलीत नुसता दमटपणा साठतो. टाकी आठवड्याला कोरडी केली नाही, तर तिथे डेंग्यूचे डास वाढतात. घरात वृद्ध, आजारी किंवा तान्हे मूल असेल आणि पाणी टँकरचे असेल, तिथे एकाच लहान खोलीसाठी एक टनी एसी २६ अंशांवर ठेवणे ही चैन मानता येणार नाही. जूनमध्ये हवा दमट झाली की कूलरचा उपयोग तसाही घटतो.