मुरगळलं म्हणून सोडलेलं मनगट

दांडेलीजवळच्या कुळगीच्या जंगलवाटेवर घसरून कोणी तळहातावर आपटलं, की निदान जागच्या जागी होतं: मुरगळलं. लेप, पट्टी, फार तर दांडेलीला जाऊन एक्स-रे. हाड शाबूत निघालं की विषय मिटला. पण मनगटातल्या स्कॅफॉइड आणि ल्युनेट या दोन चिमुकल्या हाडांना बांधणारा अस्थिबंध एक्स-रेत दिसतच नाही. तो तुटून हाडांमधली फट 3 मिलिमीटरच्या पुढे गेली, तर कुठे शंका येते. दुर्लक्ष झालं, तर काही वर्षांत सांधा झिजू शकतो. कोयता धरणाऱ्या हाताला हे कसं परवडावं?

या बंधाचा सर्वांत मजबूत भाग मनगटाच्या पाठीकडे, कातडीपासून फार खोल नसतो. म्हणजे सोनोग्राफीच्या टप्प्यात. शिवाय रुग्णाला मूठ आवळायला लावून हाडं फाकतात का, हे चालू पडद्यावर पाहता येतं. तळहाताकडचा भाग मात्र नीट दिसत नाही आणि सगळी भिस्त तपासणाऱ्याच्या सरावावर. खात्रीचा निर्णय अजूनही सांध्यात दुर्बीण घालूनच.

अडचण आणखी एक. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या 1994च्या कायद्यामुळे मनगटापुरतं सोनोग्राफीचं यंत्र ठेवायचं, तरी नोंदणी लागते. हातात मावणारं यंत्र गावोगाव नेण्यावर बंधनं आहेत. कायदा हवाच, तो मुलींना वाचवण्यासाठी आहे. पण नोंदणी झालेली यंत्रं फक्त पोटं तपासण्यात का गुंतावीत? जोयडा-दांडेलीतल्या एखाद्या सरकारी डॉक्टरला सांध्यांच्या सोनोग्राफीचं प्रशिक्षण द्यायला हवं.