काळा शिलेदार आणि गळ्यातला रुमाल

‘स्कूबी-डू, व्हेअर आर यू!’ या कार्टून मालिकेचा पहिला भाग अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर १३ सप्टेंबर १९६९ रोजी, शनिवारी सकाळी दाखवला गेला. त्याचं नाव ‘व्हॉट अ नाइट फॉर अ नाइट’. एक नाइट म्हणजे रात्र, दुसरा म्हणजे चिलखत घातलेला शिलेदार. इंग्रजीत स्पेलिंगवर उभी असलेली ही कोटी देवनागरीत पुरती विरघळते, कारण दोन्ही शब्द अक्षरशः एकच होऊन बसतात.

कथा साधी आणि घट्ट आहे. पौर्णिमेच्या रात्री शॅगी आणि त्याचा ग्रेट डेन कुत्रा स्कूबी सिनेमा पाहून घरी निघाले आहेत. वाटेत एक पिकअप ट्रक उभा दिसतो. स्टिअरिंगमागे माणूस नाही, एक काळं चिलखत बसलेलं आहे. ते संग्रहालयाकडे निघालेलं होतं आणि ते आणणारे इंग्लंडचे पुरातत्त्वज्ञ प्रा. जेम्सन हाइड व्हाइट बेपत्ता आहेत. पौर्णिमेला हा शिलेदार जिवंत होतो, अशी दंतकथा. शेवटी चिलखतातून निघतात संग्रहालयाचे अभिरक्षक विकल्स. मूळ चित्रं विकायची आणि भिंतीवर नकला टांगायच्या, हा त्यांचा धंदा, आणि तो ओळखू शकणारा एकमेव माणूस म्हणजे प्राध्यापक. ट्रकपाशी सापडलेल्या विचित्र चष्म्याचा माग शॅगीच्या टोळीतली मुलं, त्यांत फ्रेड आणि डॅफ्नीही, ग्रंथालयात जाऊन काढतात. मुलांसाठी लिहिलेल्या रहस्यकथेत इतका प्रामाणिक दुवा सहसा मिळत नाही.

पौर्णिमेचा हिशेब मात्र पडद्यापुरताच. भाग दाखवला गेला त्याच्या दोनच दिवस आधी, ११ सप्टेंबरला, अमावास्या होती आणि सूर्यग्रहणही झालं होतं. पहिल्या प्रेक्षकांच्या आकाशात त्या संध्याकाळी द्वितीयेच्या आसपासची बारीक कोर होती.

कंटिन्युइटीच्या चुका, म्हणजे एका दृश्यात असलेली गोष्ट पुढच्या क्षणी बदलणं किंवा नाहीशी होणं, या मालिकेच्या जुन्या भागांत अनेक सापडतात. फ्रेडच्या गळ्यातला केशरी रुमाल क्षणभर सदऱ्यासारखाच पांढरा होतो, कुणाच्या कपड्यांचा रंग बदलतो, बोलतो एक आणि तोंड हलतं दुसऱ्याचं. याला नुसता निष्काळजीपणा म्हणणं अन्यायाचं होईल. २२ मिनिटांच्या भागाला सेकंदाला २४ या दराने ३१,६८० चौकटी लागतात. मालिकेचे निर्माते विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी एमजीएम स्टुडिओमध्ये ‘टॉम अँड जेरी’ काढलं तेव्हा सात मिनिटांच्या एका चित्रपटासाठी हजारो चित्रं काढण्याची चैन होती. टीव्हीसाठी ना तेवढा पैसा होता, ना वेळ. म्हणून त्यांनी आकृतीचे तुकडे केले. धड एका सेलवर, म्हणजे प्लास्टिकच्या पारदर्शक पानावर, डोकं दुसऱ्या, तोंड तिसऱ्या. धड स्थिर ठेवायचं आणि फक्त ओठ किंवा हात बदलायचा. त्यांच्या योगी बेअरच्या गळ्यात कॉलर आणि टाय आहे तो याचसाठी, डोकं आणि धड यांचा सांधा त्याखाली झाकला जातो.

चूक शिरते ती याच सांध्यांतून. सेल मागच्या बाजूने रंगवतात. रंगवणाऱ्यापुढे एकामागून एक आकृत्या येत असतात आणि त्याने बाटली चुकीची उचलली की रुमाल पांढरा झालाच. कॅमेऱ्याखाली थर रचताना तोंडाचा सेल भलत्याच आकृतीवर बसला की एकाचा आवाज दुसऱ्याच्या ओठांवर जातो. सेलचं प्लास्टिक पाण्यासारखं निर्मळ नसतं, त्यामुळे खालच्या थरातला रंग किंचित काळवंडतो आणि आकृतीने थर बदलला की रंगही बदलल्यासारखा वाटतो.

या पद्धतीची सर्वांत गोड खूण चूकही म्हणता येत नाही. पार्श्वचित्र वेगळा कलाकार ब्रशने, छटा देऊन रंगवतो. हलणारी वस्तू सेलवर सपाट, एकसारख्या रंगात असते. त्यामुळे अंधाऱ्या खोलीतल्या फडताळावर एकच पुस्तक जरा उजळ आणि चपटं दिसलं, की ते आता हलणार हे पाहणारं मूल आधीच ओळखतं. गुप्त दरवाजा उघडण्याआधीच तो कुठे आहे हे समजल्याचा तो आनंद लेखकांनी योजलेला नव्हता.

मालिकेच्या जन्माची हकिगतही अशीच बदलांची आहे. जो रुबी आणि केन स्पिअर्स यांनी ती रचली. आधी तिचं नाव ‘मिस्टरीज फाइव्ह’ होतं, कुत्र्याचं ‘टू मच’ आणि फ्रेडचं ‘रॉनी’. सीबीएसचे फ्रेड सिल्व्हरमन यांना फ्रँक सिनात्राच्या ‘स्ट्रेंजर्स इन द नाइट’च्या शेवटच्या गुणगुणण्यातून ‘स्कूबी-डू’ सुचलं. डॅफ्नीचा आवाज पहिल्या हंगामात स्टेफॅनियाना ख्रिस्टोफरसन यांचा, दुसऱ्यात हेदर नॉर्थ यांचा. स्कूबीला बोलतं केलं डॉन मेसिक यांनी. शब्दांआधी ‘र’ लावण्याची लकब त्यांनी १९६२च्या ‘द जेट्सन्स’मधल्या ॲस्ट्रो कुत्र्यासाठी वापरलेलीच होती.

आणि स्कूबीचं चित्र म्हणजे तर जाणूनबुजून केलेल्या चुकांचीच यादी. इवाओ ताकामोतो यांनी ग्रेट डेन पाळणाऱ्या एका सहकारी महिलेकडून अस्सल कुत्र्याची लक्षणं समजून घेतली. सरळ पाठ, सरळ पाय, छोटी हनुवटी. मग कागद पुढे ओढून त्यांनी सगळं उलटं काढलं. पाठ उतरती, पाय बाकदार, हनुवटी मोठी, आणि अंगाचा रंगसुद्धा ग्रेट डेनचा नव्हे.