संगीताचा जीव गेला होता कधीं?

यंत्रावर निर्माण केलेल्या संगीताला जीव नसतो, हें विधान सुशिक्षितांच्या बैठकींत इतक्या सहजपणें केलें जातें, कीं त्यास पुराव्याची गरज आहे असें कोणासहि वाटत नाहीं. मे २०१३ मध्यें या मताला एक मोठा मातबर साक्षीदार मिळाला. डाफ्ट पंक ही पॅरिसची, तोमा बांगाल्तेर व गी-मान्युएल द ओमें-क्रिस्तो यांची जोडी. इलेक्ट्रॉनिक संगीतांत तिचा अधिकार निर्विवाद. यंत्रमानवाचे मुखवटे घालून वावरणाऱ्या या जोडीनें 'रँडम ॲक्सेस मेमरीज' हा आपला चौथा स्टुडिओ-आल्बम काढला, त्यांत ड्रम मशीन जवळजवळ वर्ज्य केलें, हाडामांसाचे वादक बोलाविले, आणि पहिल्याच गीताला नांव दिलें 'गिव्ह लाइफ बॅक टु म्युझिक', म्हणजे संगीताला त्याचा जीव परत द्या! झालें, यंत्रांचे पुजारीच यंत्रांना निर्जीव म्हणूं लागले, आतां वाद संपला, असा गजर सुरू झाला. जोडी फेब्रुवारी २०२१ मध्यें विसर्जित झाली, परंतु गजर अद्याप थांबलेला नाहीं. म्हणून या साक्षीची उलटतपासणी करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

प्रथम न्यायाचें बोलूं. या आल्बमचा ध्वनि सुंदर आहे, आणि तें सौंदर्य श्रमानें मिळविलेलें आहे. 'गेट लकी'मध्यें नाइल रॉजर्सच्या गिटारचा प्रत्येक आघात वेगळा मोजतां यावा इतका स्वच्छ ऐकूं येतो. नेथन ईस्टचा बेस जमिनीसारखा पायांखालीं राहतो, पण चालणाऱ्याला अडवीत नाहीं. त्या काळांतील बहुतेक लोकप्रिय ध्वनिमुद्रणांना सर्वच आवाज एकसारखे मोठे करून ठेवण्याची खोड जडली होती. येथें हळू तें हळूच राहतें, म्हणून मोठें झालेलें कळतें. नऊ मिनिटांच्या 'जॉर्जियो बाय मोरोडर'मध्यें प्रथम मोरोडर हा वृद्ध संगीतकार आपली हकीकत सांगतो, मग सिंथेसायझरची ठेका धरणारी सुरावट येते, तंतुवाद्यांचा मेळ चढतो, आणि शेवटीं ओमार हकीमचे ड्रम असे उसळतात कीं रेलून बसलेला मनुष्य सांवरून बसतो. २०१४ च्या ग्रॅमी पारितोषिकांत वर्षाचा सर्वोत्तम आल्बम व ध्वनिमुद्रणाचें कौशल्य, हे दोन्ही मान त्याला मिळाले, ते योग्यच मिळाले.

पण आल्बम चांगला आहे, एवढ्यावरून त्याचें घोषवाक्य खरें ठरत नाहीं. जीव परत द्यावयाचा, तर तो आधीं गेलेला असला पाहिजे. कोठून गेला होता? १९९७ च्या 'होमवर्क'मधून? तो आल्बम पॅरिसमधील घरच्या खोलींत, मोजक्या यंत्रांवर तयार झाला. त्यांतील 'डा फंक'मध्यें जो कुरकुरणारा, चिडका स्वर अंगावर येतो, तो रोलंड या जपानी कंपनीच्या टीबी-३०३ या यंत्राचा. बेस-गिटार वाजविणाऱ्याच्या ऐवजीं साथीला ठेवावें म्हणून हें यंत्र निघालें. तें काम त्याला साधलें नाहीं, १९८४ मध्यें त्याचें उत्पादन बंद झालें, आणि तें जुन्या बाजारांत स्वस्तांत मिळूं लागलें. शिकागोच्या फ्यूचर या मंडळीनें यंत्र चालू असतांनाच त्याचीं बटणें पिळून, तें बनविणाऱ्यांच्याहि स्वप्नांत नसलेला आवाज त्यांतून काढला. १९८७ चें 'ॲसिड ट्रॅक्स' तें हेंच. शिकागो व डेट्रॉइट येथील ज्या कृष्णवर्णीय तरुणांनीं हें संगीत उभें केलें, त्यांच्या हाताशीं वाद्यवृंद नव्हता. इतरांनीं टाकून दिलेलीं यंत्रें होतीं, आणि कान होता. 'होमवर्क'मधील 'टीचर्स' या गीतांत डाफ्ट पंकनें आपल्या गुरूंचीं नांवें घेतलीं आहेत, आणि त्यांत या दोन शहरांतील मंडळींचा भरणा मोठा आहे. १९९७ मध्यें ज्यांना गुरु म्हटलें, त्यांचें संगीत २०१३ मध्यें निर्जीव कसें ठरलें?

आल्बमची स्वतःची साक्षहि आमच्याच बाजूची आहे. त्यांतील सर्वांत आर्त गीत कोणतें असें विचाराल, तर आम्ही 'विदिन'कडे बोट दाखवूं. तेथें पियानो माणसाच्या हातचा आहे. पण काळीज हलवितो तो व्होकोडरमधून गाळून आलेला यंत्रमय कंठ. आपण कोण, हेंच न उमगलेल्या जीवाची व्यथा निखळ मानवी गळ्यांतून इतकी बोचली नसती. पुढें नोव्हेंबर २०२३ मध्यें याच आल्बमची ड्रम वगळलेली आवृत्ति निघाली. ज्या वादनानें जीव परत आला म्हणतात, त्याचाच मोठा भाग तींतून काढून टाकलेला. तरी गीतें मेलीं नाहींत. कांहीं उघडीं पडलीं, कांहीं अधिक हळवीं झालीं. जीव ड्रमच्या कातड्यांत असता, तर असें झालें नसतें.

आमच्या वाचकांस हा वाद अगदींच परका नाहीं. पेटीच्या स्वरांना मींड येत नाहीं म्हणून ऑल इंडिया रेडिओनें १९४० मध्यें तिला दाराबाहेर ठेविलें, आणि ती बंदी सैल व्हावयास १९७१ साल उजाडलें. आक्षेप खोटा नव्हता. परंतु वाद्याची उणीव हात कशी भरून काढतो, हें गोविंदराव टेंबे यांची पेटी ऐकणारांस कोणीं समजावून द्यावें लागलें नसेल.

आम्ही हें इतक्या आग्रहानें मांडतों, याला कारण आहे. नामांकित स्टुडिओ, पहिल्या प्रतीचे वादक, वर्षानुवर्षांची सवड, हें सारें पैशाचें काम. डाफ्ट पंकनें आपल्या कमाईचा असा विनियोग केला, यांत वावगें कांहीं नाहीं. पण त्या वैभवालाच 'जीव' हें नांव दिलें, कीं ज्याच्यापाशीं वैभव नाहीं त्याचें संगीत आपोआप प्रेत ठरतें. आज एखाद्या घरांत मुलगा किंवा मुलगी संगणकापुढें बसून रात्र रात्र एक ठेका घडवीत असते, आणि वडील मंडळी 'हें का संगीत?' म्हणून दार लावून घेतात. त्यांनीं नापसंती जरूर दाखवावी, पण ऐकून दाखवावी. ठेका शिळा असेल तर शिळा म्हणावें, सूर उसना असेल तर उसना म्हणावें. 'यंत्राचें आहे' असें म्हटल्यानें वर्णन होतें, परीक्षण होत नाहीं. 'रँडम ॲक्सेस मेमरीज' अवश्य ऐकावा. मात्र त्याच बैठकींत 'होमवर्क'हि ऐकावा, आणि मग जीव कोणापाशीं होता व तो कोणीं कोणाला परत दिला, याचा निवाडा वाचकांनीं आपल्याच कानांनीं करावा.