आईबाबांना नाताळात केरळला न्या

1959 मध्ये भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली आणि प्लांटच्या नोकरीसाठी देशभरातून माणसं इथे आली. टाउनशिपमध्ये मराठी घराला मल्याळी शेजार मिळाला. दिवाळीचा फराळ तिकडे जायचा, नाताळचा केक इकडे यायचा. एका घरात नाइट शिफ्ट असली की मुलं दुसऱ्या घरी जेवायची. निवृत्तीनंतर क्वार्टर सुटलं. आपले आईवडील रिसालीत, हुडकोत घर करून राहिले आणि शेजारी कोट्टायम, त्रिशूरकडे आपल्या गावी गेले. आता ही मैत्री फोनवर उरली आहे, आणि दोन्हीकडची माणसं सत्तरी ओलांडत आहेत.

म्हणून पुण्या-बंगळुरूत नोकरी करणाऱ्या भिलाईच्या मुलामुलींना कळकळीचं सांगणं आहे. यंदा नाताळच्या सुटीत आईबाबांना घेऊन त्या शेजाऱ्यांकडे जा. डिसेंबरात भिलाईच्या रात्री दहा-बारा अंशांवर येतात, गुडघे धरतात, दमा उफाळतो. कोचीत तेव्हा रात्रीही 22-23 अंश असतात. म्हाताऱ्या हाडांना ती ऊब मानवते. दुपारचं ऊन मात्र दमट आणि कडक असतं, तेव्हा बाहेर हिंडवू नका.

दुर्गहून बिलासपूर-एर्नाकुलम आणि कोरबा-तिरुअनंतपुरम या थेट गाड्या आहेत. त्या रोज नसतात, त्यामुळे आधी वार पाहा. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. 22 डिसेंबरचं तिकीट हवं असेल तर 23 ऑक्टोबरला सकाळीच बसा. दीड दिवसाच्या आसपासचा प्रवास आहे, खालचा बर्थ मागून घ्या. औषधं हाताशी ठेवा. स्वेटरही वरच असू द्या, नागपूरपर्यंत लागेल.

तिथली एक रीत जाणून घ्या. केरळचे अनेक सिरियन ख्रिस्ती 1 डिसेंबरपासून 25 दिवसांचा उपवास धरतात आणि मांस-मासे वर्ज्य करतात. नाताळच्या मध्यरात्रीच्या प्रार्थनेनंतर तो सुटतो आणि सकाळी अप्पम-स्ट्यूचं पान मांडलं जातं. आधी पोहोचलात तर यजमानांकडे मासळीचा आग्रह धरू नका. चर्चमध्ये जरूर जा, मागे शांत बसा. प्रसादाची भाकर आणि द्राक्षारस मात्र त्यांच्या समाजासाठीच असतो, त्या रांगेत उभे राहू नका.

अलेप्पी, मुन्नार, कोवळम असा सपाटा लावू नका. तो प्रवास तुमचा होईल, आईबाबांचा नाही. त्यांना चार-पाच दिवस एकाच अंगणात, जुन्या सोबत्यांबरोबर बसू द्या. मुक्कामाचा भार त्या घरावर टाकू नका, जवळच लॉज घ्या. सोबत घरच्या चकल्या-करंज्या आणि सेक्टरमधले जुने फोटो न्या.

आणि तिकिटाच्या तारखेची वाट पाहत थांबू नका. त्या घरी आजच फोन लावा, आईबाबांच्या हाती द्या आणि त्यांनाच विचारू द्या, "नाताळला येऊ का?"