वुजू संपत नाही तेव्हा



गेल्या वर्षी माझ्या नववीच्या वर्गातली एक मुलगी मधल्या सुट्टीनंतर रोज पंधरा-वीस मिनिटे उशिरा येऊ लागली. अभ्यासात हुशार, स्वभावाने शांत. विचारले तर मान खाली घालून एवढेच म्हणे, "टीचर, वुजू करत होते." मला वाटले, बहाणा आहे. दोन वेळा मी तिला वर्गाबाहेर उभे केले. हे आज लिहिताना मला शरम वाटते.

एके दिवशी वही देताना तिचे हात दिसले. बोटांच्या पेरांची कातडी फाटली होती आणि मनगटापर्यंत लाल चट्टे होते. मी तिच्या अम्मीला बोलावून घेतले. त्या म्हणाल्या, "टीचर, आमच्या दादी तर खूश होत्या, पोरगी किती पाक-साफ राहते म्हणून. पण आता फजरला उठते आणि मोरीतून बाहेर येईपर्यंत सूर्य उगवतो. कोपर कोरडा राहिला, असे तिला वाटते. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू. मी दाराशी उभी राहून 'झाले बेटा, झाले' असे वीस-वीस वेळा सांगते. नमाज कजा होते आणि मग ती रडत बसते."

याला आपण घरात वसवसा म्हणतो. डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात. मनात नको असलेली शंका पुन्हा पुन्हा येते आणि ती शमवण्यासाठी माणूस एकच कृती पुन्हा पुन्हा करतो. कुणी हात धुतो, कुणी कुलूप तपासतो, कुणी नमाजची नियत दहा वेळा बांधतो. काहींच्या मनात तर अल्लाह आणि दीनबद्दल असे घाणेरडे विचार येतात की ते कुणाला सांगूही शकत नाहीत. आपले ईमान गेले, असे त्यांना वाटते. खरे तर ज्याला दीन प्यारा असतो, त्यालाच हा विचार इतका टोचतो. आजार माणसाच्या सर्वांत नाजूक जागी बोट ठेवतो.

त्या मुलीला आधी झाडफूक झाली, तावीज झाला. नंतर घरच्यांनी मोहल्ल्यातल्या मौलाना साहेबांना विचारले. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, फिकहचा कायदा आहे की खात्रीने झालेली गोष्ट नुसत्या शंकेने रद्द होत नाही. दुसरी, प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करीत. आजच्या मापाने ते लिटरपेक्षाही कमी भरते. शेवटी ते म्हणाले, "मसला मी सांगितला. पण मुलीला मसला माहीत असूनही थांबता येत नाही, म्हणजे तिला इलाजाची गरज आहे. डॉक्टरकडे न्या." अल्लाह त्यांना जजा-ए-खैर देवो.

घरात मात्र वादळ उठले. आपल्या भागात "ठाण्याला पाठवा" या शब्दांचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून आहे आणि तेव्हापासून ते नाव टोमण्यासाठी वापरले जाते. मुलीच्या चाचांनी विचारले, "उद्या रिश्ता कोण आणेल?" पण मुलगी त्याच ठाण्याला गेली. तिथल्या मनोरुग्णालयात नाही, मानसोपचार करणाऱ्या एका संस्थेत. पनवेलहून दर आठवड्याला, अम्मीबरोबर.

तिथे काय झाले ते सांगते, कारण थेरपी म्हणजे नुसत्या गप्पा, असा आपला समज असतो. थेरपिस्टने आधी तिला समजावले की धुतल्यावर जो आराम मिळतो, तोच आजाराला खाऊ घालतो. प्रत्येक वेळी मेंदू शिकतो की धुतले म्हणून वाचलो. मग दोघींनी मिळून एक यादी केली, सर्वांत सोप्या गोष्टीपासून सर्वांत अवघड गोष्टीपर्यंत. पहिली पायरी होती, वहीला हात लावून दहा मिनिटे हात न धुणे. काही आठवड्यांनी, एका लोट्यात वुजू, प्रत्येक अवयव तीनदाच, आणि शंका आली तरी सरळ मुसल्ल्यावर जाणे. सुरुवातीला छाती धडधडे, घाम येई. पण घबराट चढते, काही वेळ टिकते आणि आपोआप उतरते, हे तिने स्वतः अनुभवले. अम्मीलाही गृहपाठ होता. "झाले बेटा, झाले" असे सांगणे थोडे थोडे बंद करायचे. आईसाठी तेच सर्वांत कठीण होते.

आज ती दहावीला आहे. वसवसा पूर्ण गेला असे मी म्हणणार नाही. परीक्षेच्या दिवसांत तो डोके वर काढतो. पण आता तिला त्याचे नाव माहीत आहे, आणि तिची फजर वेळेवर होते.

इलाज ईमानाच्या विरुद्ध आहे का, असे मला अनेक भगिनी विचारतात. हजरत याकूब (अ.) यांचे डोळे मुलाच्या दुःखाने पांढरे पडले, हे कुरआन सांगते. पैगंबराच्या दुःखाला कुणी ईमानाची कमजोरी म्हणेल का? प्रत्येक आजाराबरोबर अल्लाहने शिफाही उतरवली आहे, असे प्रेषितांनी (स.) शिकवले. नवव्या-दहाव्या शतकात बल्ख येथे अबू झैद अल-बल्खी नावाचे विद्वान होऊन गेले. त्यांनी शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर एक ग्रंथ लिहिला. आपल्या काळातले हकीम फक्त शरीराकडे पाहतात, ही त्यांची तक्रार होती. कारण असलेले दुःख आणि कारण नसलेले दुःख यांत त्यांनी फरक केला आणि वसवशावर वेगळे प्रकरण लिहिले. म्हणजे हे ज्ञान आपल्यासाठी परके नाही. आपणच ते विसरलो.

वसवशासारख्याच आणखी काही तक्रारी घराघरांत आहेत. अचानक छाती धडधडते, श्वास अडकतो, आता मरणार असे वाटते, आणि ईसीजी मात्र साफ निघतो. तो पॅनिकचा झटका असू शकतो. बाळंतपणानंतर आई बाळाकडे बघतही नाही, सारखी रडते. तिला "नाशुक्री" म्हणू नका. शोहर आखाती देशात, घरात सासू-सासरे आणि मुले, आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप नाही, भूक नाही, कशात मन नाही. ही उदासी आजाराची असू शकते. परीक्षेच्या आदल्या रात्री उलट्या होणारी मुले मी दरवर्षी पाहते. या सगळ्यांवर थेरपीचा उपयोग होतो. आजार जोरात असेल तर गोळ्याही लागतात. त्या मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरच देतात आणि त्यांना न विचारता एकदम बंद करायच्या नाहीत.

कुठे जायचे? केंद्र सरकारची टेली मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या नंबरवर दिवसरात्र फुकट बोलता येते, मराठीतही. सरकारी रुग्णालयात जायचे तर पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करा. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही संस्था आहे. रिश्त्याची काळजी असेल तर हेही लक्षात ठेवा की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. आणि कुणी मरणाच्या गोष्टी करू लागले, तर "असे बोलू नये, गुनाह आहे" एवढ्यावर थांबू नका. त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

एक साहाबी उंट न बांधता तवक्कुल करू पाहत होते. आधी उंट बांध, मग तवक्कुल कर, असे त्यांना प्रेषितांनी (स.) सांगितले. दुआ जरूर करा. आणि दुआ करून झाली की मुलीचा हात धरून तिला इलाजाला घेऊन जा. आणि माझ्यासारख्या शिक्षकांनी, मूल वर्गात उशिरा आले तर त्याला बाहेर उभे करण्याआधी एकदा त्याचे हात पाहावेत.