शाळेच्या ईमेलला खरीखुरी किल्ली हवी



गिरगावातल्या चाळीत वाढलेल्यांना हे सांगायला नको. बाहेर जाताना घराची किल्ली शेजारी द्यायची, शाळेतून आलेलं पोर शेजारून ती मागून घेतं. या विश्वासावर आपल्या पिढ्या गेल्या. पण हीच सवय आपण पासवर्डला लावली आणि तिथे घोटाळा झाला. शाळेच्या ईमेलचा पासवर्ड ऑफिसच्या कपाटाला आतून चिकटवलेला असतो, शिवाय चार जणांना पाठ असतो.

मागच्या वर्षी माझ्या एका सहकारी बाईंना मेल आला, 'तुमच्या खात्यातली जागा संपली आहे, लगेच लॉगिन करा.' पान अगदी हुबेहूब. बाईंनी पासवर्ड टाकला, मोबाइलवर आलेला ओटीपीही टाकला. दोन्ही भामट्याच्या हातात गेले, आणि त्याने ते त्याच मिनिटाला खऱ्या साइटवर वापरले. खात्यात अख्ख्या वर्गाच्या आधार कार्डांच्या प्रती होत्या, जन्मतारखा होत्या, पालकांचे नंबर होते. पुढचे आठ दिवस आम्ही एकेका पालकाला फोन करत होतो, 'शाळेच्या नावानं कुणी पैसे मागितले तर देऊ नका.' बाई हुशार आहेत हो. त्या जागी मीही फसलो असतो. म्हणून 'सावध राहा' एवढा सल्ला मला पुरेसा वाटत नाही.

यावर उपाय आहे तो सिक्युरिटी की नावाच्या छोट्या वस्तूचा. दिसायला पेन ड्राइव्हसारखी, पण तिच्यात फाइली ठेवता येत नाहीत. खात्याशी एकदा जोडली की पासवर्ड टाकल्यावर ती संगणकाला लावायची आणि बोटानं स्पर्श करायचा. आतलं गुपित त्या वस्तूबाहेर कधी जातच नाही. साइट प्रत्येक वेळी नवा प्रश्न पाठवते, किल्ली त्यावर आपली सही करून परत देते. आणि महत्त्वाचं म्हणजे ही सही त्या साइटच्या पत्त्याशी बांधलेली असते. पत्त्यात एक अक्षर जरी वेगळं असलं तरी ते कुलूप तिच्या ओळखीचं नसतं. आपला डोळा फसतो, तिला डोळाच नाही!

गूगलने २०१७ च्या सुरुवातीपासून आपल्या ८५,००० हून अधिक कर्मचाऱ्यांना अशा किल्ल्या वापरायला लावल्या. त्यानंतर कामाचं एकही खातं अशा फसवणुकीतून गेल्याचं आढळलं नाही, असं कंपनीने २०१८ मध्ये सांगितलं.

पालकांपैकी जे सीएच्या ऑफिसात काम करतात किंवा सरकारी टेंडर भरतात, त्यांना डीएससीचं टोकन आठवलं असेल. वस्तू वेगळी, पण तत्त्व जवळचंच. आणि तिथेही आपली जुनी सवय सुटत नाही. टोकन सीएच्या ड्रॉवरमध्ये, पिन चिठ्ठीवर! वास्तविक माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ प्रमाणे आपली खासगी की आपल्याच ताब्यात राहील याची काळजी घेणं ही ज्याची त्याची जबाबदारी आहे.

प्रत्येक शिक्षकानं किल्ली विकत घ्यावी असं मी म्हणत नाही. पण मुख्याध्यापक, क्लार्क आणि शाळेची सगळी खाती सांभाळणारी व्यक्ती यांना शाळेनं ती द्यावी, हे माझं ठाम मत आहे. प्रत्येकी दोन, कारण एक हरवणारच. दुसरी पाकिटात बंद करून तिजोरीत. खर्च काही हजारांचा आहे, स्नेहसंमेलनाच्या मंडपापेक्षा कमीच. सरकारी पोर्टलवर ती चालेलच असं नाही. मात्र गूगल आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्यांवर चालते, आणि मुलांची कागदपत्रं बहुतेक शाळांत तिथेच पडलेली असतात. किल्ली जोडल्यावर ओटीपीचा मार्ग बंद करायला विसरू नका, नाहीतर पुढचं दार लावून मागचं उघडं ठेवल्यासारखं होईल.

पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. तोवर तुमच्या शाळेच्या खात्याचा पासवर्ड आज किती जणांकडे आहे, तेवढं मोजून ठेवा.